श्वास, आतला आवाज आणि उत्तरपत्रिका

काही वर्षांपूर्वी आम्ही शिक्षकांच्या एका दोन दिवसांच्या शिबिराला गेलो होतो. दुपारच्या जेवणानंतरचे सत्र श्वासाचे होते. पाठ ताठ ठेवायची, डोळे मिटायचे आणि नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहत राहायचे. वीसएक मिनिटांनी खरोखर बरे वाटले. शिबिराला येण्यापूर्वीची धावपळ, प्रवासाचा शीण, सगळे थोडे दूर गेल्यासारखे झाले. मग मार्गदर्शक म्हणाले, "आता मनात एक प्रश्न ठेवा. श्वास शांत असताना जे पहिले उत्तर उमटेल ते बुद्धीचे नसते, आतून आलेले असते. त्याच्यावर विश्वास ठेवायला शिका. ते चुकत नाही."

आमच्यापाशी प्रश्न तयारच होता. नववीच्या सहामाहीत विज्ञानाच्या दोन उत्तरपत्रिकांत हुबेहूब एकच चूक सापडली होती. गुरुत्व त्वरणाचे मूल्य ९.८ ऐवजी ८.९ घेऊन दोघांनीही उदाहरण शेवटपर्यंत सोडवले होते. बैठक क्रमांक शेजारशेजारचे. एक मुलगा वर्गातला हुशार, दुसरा मागच्या बाकावरचा, गृहपाठाची टाळाटाळ करणारा. कोणी कोणाचे पाहिले? शांत श्वासात उत्तर लगेच उमटले आणि ते अगदी स्वच्छ होते. सोमवारी आम्ही मागच्या बाकावरच्या मुलाला वर्गासमोर उभे केले. तो काहीच बोलला नाही. आठवड्याने दुसरा मुलगा स्वतःहून येऊन रडत म्हणाला, "सर, मीच त्याचं पाहिलं होतं." मग आम्ही दोन्ही उत्तरपत्रिका पुन्हा काढल्या. मागच्या बाकावरच्या मुलाच्या पानाच्या कडेला कच्चे काम होते आणि आकड्यांची उलटापालट कुठे झाली तेही त्यात दिसत होते. दुसऱ्याच्या पानावर कच्चे काम नव्हतेच. हे पाहायला दोन मिनिटे पुरली असती.

या लेखाचे निमित्त ते शिबिर असले तरी रोख कोणा एका मार्गदर्शकावर नाही. 'श्वासावर लक्ष द्या, आतल्या आवाजावर विश्वास ठेवा' हा उपदेश आता पुस्तकांतून, व्याख्यानांतून आणि शाळांच्या कार्यक्रमांतूनही सर्रास ऐकू येतो. त्यात कितपत तथ्य आहे? आमच्या मते या एका वाक्यात तीन वेगवेगळे दावे दडलेले आहेत. पहिला, सजगपणे श्वास घेतल्याने मन शांत होते. दुसरा, शांत मनाला शरीराच्या आतल्या खुणा अधिक अचूक कळतात. तिसरा, त्या खुणा सांगतात ते खरे असते. पहिला दावा पटला की उरलेले दोन आपण न तपासताच स्वीकारतो. गफलत इथेच होते. म्हणून तिन्ही वेगवेगळे तपासू.

श्वासाने काय होते?

निवांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा, म्हणजे दिवसाला वीस हजारांच्या घरात श्वास घेतो. बहुतेक वेळा आपले त्याकडे लक्षही नसते. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतील चेतापेशींचा एक छोटा समूह हा ताल धरतो. १९९१ साली शास्त्रज्ञांनी तो उंदराच्या जातीच्या प्राण्यांत ओळखला आणि त्याला 'प्रीबॉट्झिंगर संकुल' असे नाव मिळाले. पण श्वास ही अशी क्रिया आहे की ती आपोआपही चालते आणि आपण मनात आणले तर हातातही घेता येते. हृदयाचे ठोके किंवा जठराचे आकुंचन असे थेट हुकमाने बदलता येत नाही. म्हणूनच श्वासाला शरीराच्या आत शिरायचे दार मानले जाते आणि तसे मानण्यात चूक नाही.

विद्यार्थ्यांना हे सहज दाखवता येते. मनगटावरची नाडी धरून सावकाश खोल श्वास घ्यायला आणि सावकाश सोडायला सांगा. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. व्हेगस नावाची मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी चेता हृदयाला लगाम घालते. श्वास घेताना हा लगाम सैल पडतो, सोडताना आवळला जातो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले तर हा चढउतार सर्वांत मोठा होतो. पुढे २०१७ साली उंदरांवरच्या एका प्रयोगात असे दिसले, की श्वासाचा ताल धरणाऱ्या त्या संकुलातील काही चेतापेशी मेंदूतील जागेपणा व सावधपणा सांभाळणाऱ्या केंद्राशी जोडलेल्या आहेत. त्या पेशी नाहीशा केल्यावर उंदरांचा श्वास चालूच राहिला, पण ते विलक्षण शांत झाले. सारांश, श्वास आणि मनाची स्थिती यांचा संबंध केवळ कविकल्पना नाही, त्याला शरीरात जागा आहे.

या बाबतीत महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा इतिहासही आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि यौगिक क्रिया चालू असताना शरीरात काय घडते ते क्ष-किरणांनी व दाबमापकांनी तपासायला सुरुवात केली. परंपरेवर श्रद्धा असूनही 'मोजून पाहू' म्हणण्याची ही वृत्ती आजच्या अनेक प्रचारकांत दिसत नाही. असो. पहिला दावा आपण मान्य करू.

आतल्या खुणा अधिक अचूक कळतात का?

हा दावा तपासण्याची एक पद्धत आहे. नाडीला हात न लावता, केवळ आतून जाणवेल तसे हृदयाचे ठोके मोजायचे आणि त्याच वेळी यंत्राने मोजलेल्या ठोक्यांशी ते ताडून पाहायचे. जर्मनीतील राइनर शँड्री यांनी १९८१ साली अशी चाचणी वापरली. या पद्धतीत एक उणीव आहे. आपले ठोके मिनिटाला सत्तरच्या आसपास पडतात हे ठाऊक असलेला माणूस काहीही न जाणवता अंदाजाने बरोबर आकडा सांगू शकतो. म्हणून पुढे अधिक कसोशीच्या चाचण्याही तयार झाल्या.

२००८ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी अनुभवी ध्यानसाधकांची अशी परीक्षा घेतली. काही साधक तिबेटी बौद्ध परंपरेतले होते, काही कुंडलिनी योगाचे. त्यांची तुलना ध्यान न करणाऱ्या माणसांशी केली. ठोके ओळखण्यात साधक इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत. याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. आपल्याला हे चांगले जमले आणि सोपे गेले, असे मात्र साधकांनी इतरांपेक्षा अधिक ठामपणे सांगितले. म्हणजे अचूकता होती तेवढीच राहिली आणि खात्री तेवढी वाढली. शिबिरातल्या आमच्या 'स्वच्छ' उत्तराचे याहून नेमके वर्णन आम्हाला सुचत नाही.

हा एका प्रयोगाचा निष्कर्ष आहे आणि त्यावरून सर्व ध्यानपद्धतींचा निकाल लावणे योग्य नाही. पण 'अनेक वर्षे श्वासाकडे लक्ष दिले की शरीराची भाषा कळू लागते' हे जे गृहीत धरले जाते, ते सिद्ध झालेले नाही एवढे त्यातून निश्चित कळते.

शरीर सांगते ते खरे असते का?

समजा, एखाद्याला आपल्या शरीराच्या खुणा खरोखरच चांगल्या कळतात. मग तो अधिक योग्य निर्णय घेईल का? केंब्रिजमधील संशोधकांनी २०१० साली हे तपासले. लोकांना पत्त्यांचा एक खेळ दिला. त्यातले नियम उघड सांगितलेले नव्हते, खेळता खेळता अंदाज बांधायचा होता. खेळताना हृदयाची गती आणि त्वचेतील घामाचे बदल नोंदले जात होते. ज्यांना आपले ठोके अधिक अचूक जाणवत, त्यांच्या निवडीवर शरीराच्या या बदलांचा पगडा अधिक होता. शरीराचा कल फायद्याच्या गठ्ठ्याकडे असला की अशा माणसांचा अंदाज सुधारे. कल तोट्याच्या गठ्ठ्याकडे असला की त्यांचेच नुकसान अधिक होई. शरीराकडे कान देणे म्हणजे रेडिओचा आवाज मोठा करण्यासारखे आहे. बातमी खरी असेल तर ती मोठ्याने ऐकू येईल, खोटी असेल तर तीही मोठ्यानेच ऐकू येईल.

मग खरी अंतःप्रेरणा येते कुठून? याचे उत्तर मिळवण्यात बुद्धिबळाचा मोठा वाटा आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निष्णात खेळाडूला खऱ्या डावातील पट पाच सेकंद दाखवून झाकला. त्याने नवख्यापेक्षा कितीतरी अधिक मोहरी जागच्या जागी मांडून दाखवली. मग तीच मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली, तेव्हा त्याची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. त्याची स्मरणशक्ती अचाट नव्हती. हजारो डावांत पाहिलेले आकृतिबंध तो ओळखत होता. पुढे सायमन यांनी अंतःप्रेरणेचा अर्थच 'ओळखणे' असा सांगितला. परिस्थितीत एक खूण असते, ती स्मृतीतल्या साठ्याला हाक देते आणि उत्तर समोर येते.

गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने अग्निशमन दलातील अधिकाऱ्यांच्या अनेक मुलाखती घेतल्या. त्यातली एक हकिगत प्रसिद्ध आहे. एका घराच्या स्वयंपाकघरात आग लागली होती. पाणी मारूनही ती हटेना. अधिकाऱ्याला काहीतरी विपरीत वाटले आणि त्याने सगळ्यांना ताबडतोब बाहेर काढले. थोड्याच वेळात ते उभे होते ती जमीनच कोसळली. आग खालच्या तळघरात होती. अधिकारी स्वतः याला अतींद्रिय शक्ती समजत होता. क्लाइनने खोदून विचारल्यावर उलगडा झाला. एवढ्याशा आगीच्या मानाने खोली फार तापलेली होती, आगीचा आवाज फार कमी होता आणि पाण्याला ती दाद देत नव्हती. वर्षानुवर्षे पाहिलेल्या आगींच्या नमुन्यात हे बसत नव्हते. तळघर आहे हे त्याला ठाऊक नव्हते, पण 'हे नेहमीसारखे नाही' हे मात्र त्याला कळले होते.

अंतःप्रेरणेचा पुरस्कर्ता क्लाइन आणि तिच्या चुका दाखवण्यात हयात घालवलेले डॅनियल काहनेमन या दोघांनी मिळून २००९ साली एक लेख लिहिला. कोणत्या अंतःप्रेरणेवर विसंबावे याच्या दोन अटींवर दोघांचे एकमत झाले. पहिली, ज्या क्षेत्रात आपण निर्णय घेतो त्यात काही नियमितपणा हवा. दुसरी, तो नियमितपणा शिकायला पुरेशी संधी हवी, म्हणजेच अंदाज बरोबर की चूक हे लवकर आणि स्पष्ट कळायला हवे. आपल्याला किती खात्री वाटते हा निकष त्यांनी साफ बाजूला ठेवला. या अटींत श्वासाचा उल्लेख नाही. जे स्मृतीत कधी साठलेच नाही ते शांत बसल्याने वर येणार कोठून?

शिक्षकाची अंतःप्रेरणा

आता हे आपल्या कामाला लावून पाहू. फळ्याकडे तोंड असताना वर्गातली कुजबुज ऐकून 'हा गोंधळ खोडीचा नाही, मुलांना समजलेले नाही' हे अनुभवी शिक्षकाला कळते. हा अंदाज विश्वासार्ह असण्याची शक्यता बरीच आहे. असे प्रसंग रोज येतात आणि मागे वळून एक प्रश्न विचारला की अंदाज खरा की खोटा ते लगेच कळते.

पण 'हा मुलगा पुढे काही करणार नाही' या अंदाजाचे काय? त्याचा पडताळा दहा वर्षांनी येतो आणि बहुधा तो आपल्यापर्यंत पोहोचतही नाही. वाईट म्हणजे आपला अंदाज स्वतःच स्वतःला खरा ठरवू शकतो. लुइस थॉमस या अमेरिकी डॉक्टरांनी जुन्या काळच्या न्यूयॉर्कमधील एका वैद्याची गोष्ट सांगितली आहे. रुग्णाची जीभ बोटांनी चाचपून हा वैद्य विषमज्वर होणार की नाही याचे भाकीत करी आणि ते हटकून खरे ठरे. वॉर्डात एका रुग्णामागून दुसऱ्या रुग्णाची जीभ तो हात न धुता चाचपत होता. रोग त्याच्याच बोटांतून पसरत होता. ज्या मुलाला आम्ही मनातून मागच्या बाकावर बसवले, त्याच्याकडे आमची बोटे कोणत्या प्रकारची होती, हा प्रश्न आम्ही स्वतःला अनेकदा विचारला आहे.

उत्तरपत्रिका तपासण्याचेही तसेच. स्टार्च आणि एलियट या अमेरिकी संशोधकांनी १९१३ साली भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरपैकी कोणी तिसाहून कमी गुण दिले, तर कोणी नव्वदहून अधिक. तेही निबंधाला नव्हे, भूमितीला! आपण योग्य गुण दिले असेच त्यातल्या बहुतेकांना वाटले असणार. काहनेमन यांनी स्वतःच्या पेपर तपासणीबद्दल एक कबुली लिहून ठेवली आहे. विद्यार्थ्याचे पहिले उत्तर चांगले असले की त्याच्या दुसऱ्या संदिग्ध उत्तराकडे ते नकळत उदारपणे पाहत. उपाय म्हणून ते आधी सर्वांचे पहिले उत्तर, मग सर्वांचे दुसरे उत्तर असे तपासू लागले आणि आधीचे गुण दिसणार नाहीत अशी व्यवस्था केली. परिणामी त्यांची पूर्वीची खात्री कमी झाली आणि न्याय वाढला. असा सौदा फायद्याचा आहे, असे आम्हाला वाटते.

विज्ञानाच्या तासाला हा प्रश्न अधिकच बिकट होतो. धावत्या मुलाच्या हातातला चेंडू सुटला तर तो कुठे पडेल? १९८०च्या दशकात मायकेल मॅक्लॉस्की यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना असेच प्रश्न विचारले, तेव्हा अनेकांनी 'सरळ खाली, सोडला त्या जागी' असे उत्तर दिले. मैदानावर खडूने वर्तुळ काढा आणि धावता धावता चेंडू त्यात टाकायला सांगा. वर्तुळ येण्याआधीच चेंडू सोडावा लागतो हे मुलांना दोन-तीन प्रयत्नांत कळेल. इथे आतला आवाज चुकीचा असतो, आणि शांत बसून ऐकला तरी तो चुकीचाच राहतो. त्याला सुधारतो तो प्रयोग. अंतःप्रेरणेचे उदाहरण म्हणून रामानुजन यांचे नाव हमखास घेतले जाते. त्यांची प्रतिभा अद्वितीय होती यात शंका नाही. पण मूळ संख्यांबद्दलची त्यांची काही सुरुवातीची विधाने चुकीची निघाली, हे हार्डी यांनी नोंदवले आहे. फरक कळला तो सिद्धता मागितल्यामुळे.

मग श्वास कशासाठी?

यावर कोणी म्हणेल, की तुम्ही ध्यानाची खिल्ली उडवत आहात. तसे नाही. आनापानाची परंपरा श्वास आहे तसा पाहायला सांगते. प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहायला ती सांगत नाही. ही भर अलीकडच्या बाजाराची आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत पंधरा मिनिटे श्वासावर लक्ष दिलेली माणसे एका विशिष्ट चुकीपासून अधिक दूर राहिली. 'इतका पैसा घातलाच आहे, आता मागे कसे फिरायचे' ही ती चूक. इथे श्वासाने निर्णय सुधारला हे खरे. पण तो आतली ओढ पाळल्यामुळे नव्हे, तिची पकड सैल झाल्यामुळे सुधारला. श्वासाचा खरा उपयोग आम्हाला इथे दिसतो. तो उत्तर देत नाही, उत्तर देण्याची घाई कमी करतो.

शाळांत हा कार्यक्रम सरसकट राबवण्याबाबतही सबुरी हवी. ब्रिटनमध्ये सुमारे ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर घेतलेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. ११ ते १४ वर्षांच्या मुलांना शाळेत दिलेले सजगतेचे शिक्षण नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा सरस ठरले नाही. मुलांना दोन मिनिटे शांत बसू द्यायला यामुळे आडकाठी होत नाही. त्यातून चमत्काराची अपेक्षा मात्र करू नये.

शेवटी एक सोपा प्रयोग सुचवतो. एक लहान वही करा. वर्गाबद्दल मनात आलेला प्रत्येक अंदाज तारखेसह लिहा: 'अमुक प्रकरण चाचणीत अवघड जाणार', 'अमक्याने उदाहरण स्वतः सोडवलेले नाही'. खात्री किती तेही लिहा: थोडी, बरीच की पूर्ण. लिहिण्यापूर्वी नाणे उडवा. छाप पडली तर आधी पाच मिनिटे श्वासावर लक्ष द्या, काटा पडला तर लगेच लिहा. दर अंदाजाचा पडताळा कसा घेणार तेही त्याच ओळीत आधीच नोंदवा, नाहीतर नंतर आपण सोयीचा अर्थ लावतो. साठ-सत्तर नोंदी झाल्या की मोजा. 'पूर्ण खात्री'चे किती खरे ठरले? श्वासानंतरचे किती? एवढ्या थोड्या नोंदींवरून सिद्धांत मांडता येणार नाही. पण आपला आतला आवाज कोणत्या विषयात जाणता आहे आणि कोणत्या विषयात नुसता मोठा आहे, हे कळू लागेल. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनीही हा प्रयोग स्वतःच्या अभ्यासाबाबत करून पाहावा.

आम्ही ही वही ठेवतो. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी दहा मिनिटे श्वासही पाहतो. आणि दोन उत्तरपत्रिकांत एकच चूक दिसली, की डोळे मिटत नाही, पानाच्या कडेचे कच्चे काम पाहतो. त्या मुलाची आम्ही वर्गासमोर माफी मागितली. त्याने मान डोलावली. पण वर्ष संपेपर्यंत आमच्या तासाला त्याने पुन्हा हात वर केला नाही.